मुलांसह प्राणहितेच्या काठाने

सुटीत मुलांना कोठे न्यावे, हा प्रश्न प्रत्येक सुशिक्षित कुटुंबात दरवर्षी नेमाने उपस्थित होतो, आणि त्याचे उत्तरही बहुधा नेमाने एकच येते: समुद्र. त्यातून विदर्भातील माणसाला समुद्राचे वेड अंमळ अधिकच. नागपुरास कोणताच समुद्र जवळचा नाही. म्हणूनच की काय, तो जितका दूर तितका आम्हांस गोड वाटतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरातील बालमंडळाने दक्षिणेच्या किनाऱ्याचा असाच हट्ट धरला होता. रामेश्वर, कन्याकुमारी, निदान विशाखापट्टण, ही नावे रोज जेवणाच्या वेळी निघू लागली. त्या हट्टाला आम्ही जे उत्तर दिले, ते कोणासही प्रथमदर्शनी फसवणुकीसारखे वाटेल. आम्ही मुलांना सांगितले, की आपल्याकडचे पाणी ज्या वाटेने समुद्राला जाते, त्याच वाटेने आपण महाराष्ट्र संपेपर्यंत मोटारीने जाऊ. आधी वर्धा, मग वैनगंगा, मग प्राणहिता आणि शेवटी गोदावरी. म्हणजेच चंद्रपूर, गडचिरोली आणि सिरोंचा.

या निवडीस एक कारण घडले होते. आपल्या वर्गातील घरांतून गडचिरोलीचे नाव कोणत्या प्रसंगी निघते, याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. ते निघते कोणाच्या तरी बदलीच्या वेळी, आणि तेही आवाज खाली आणून. पूर्वी अंदमानाविषयी बोलत तसे नोकरदार मंडळी या जिल्ह्याविषयी बोलतात. मोठ्यांच्या तोंडची ही भाषा मुले न शिकवता शिकतात. एके दिवशी खेळता खेळता आमचा नऊ वर्षांचा थोरला आपल्या धाकट्या चुलतभावास दरडावून म्हणाला, "पुन्हा खोटे खेळलास, तर तुझी गडचिरोलीला बदली करीन!" सगळे खळखळून हसले. मामंजी तेवढे हसले नाहीत. १९८२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा झाला, त्या सुमारास ते सरकारी नोकरीत अहेरीस होते. त्यांनी तेवढेच म्हटले, "एकदा मुलांना घेऊन जाऊ या. मीही येतो."

सासूबाईंना हा बेत मुळीच पसंत नव्हता, आणि त्यांची भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही. या जंगलांनी चार दशके बंदुकीचा आवाज ऐकला आहे. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनीच, जांभुळखेडा येथे सुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मृत्युमुखी पडले, ही बातमी सर्वांच्या स्मरणात आहे. तथापि गेल्या काही वर्षांत परिस्थिती पुष्कळच पालटली आहे. २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात भूपती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माओवादी पुढाऱ्याने सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रे खाली ठेवली. मामंजींनी हे सर्व शांतपणे समजावून सांगितले. अंधार पडल्यावर जंगलातून मोटार हाकायची नाही, राजमार्ग सोडायचा नाही आणि मुक्कामाच्या गावी दिवसाउजेडी पोचायचे, असे तीन नियम ठरले. शेवटी सासूबाई स्वतःच आमच्याबरोबर निघाल्या. मुले जिथे जाणार तिथे आपण असावे, हा त्यामागचा त्यांचा हिशेब!

अशा प्रकारे आम्ही उभयता, मामंजी, सासूबाई, आमचा थोरला, सात वर्षांची मधली आणि जाऊबाईंचे सहा वर्षांचे शेंडेफळ, अशी सात माणसे एका मोटारीत बसलो. यजमान मोटार चालवीत होते. भगिनींच्या माहितीकरिता शिदोरीचाही उल्लेख करून ठेवते. दशम्या, लसणाशिवायची शेंगदाण्याची चटणी, भडंग, गूळपोळ्या, उकळून गार केलेले पाणी आणि मच्छरदाण्या एवढे बरोबर घेतले होते. पैकी मच्छरदाणीचे महत्त्व कोणी कमी लेखू नये. या प्रदेशात हिवताप हा जुना शत्रू आहे.

नागपूर ते चंद्रपूर हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. वाटेत वरोऱ्याजवळ आनंदवन लागते. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि ज्यांना गावाने हाकलून दिले होते त्या माणसांच्या हातांनी तेथील खडकाळ माळावर शेते उभी केली. मुलांना तेथील विणकाम पाहण्यात अधिक रस वाटला, आणि तेही ठीकच. उपदेशापेक्षा माग चालताना पाहणे त्या वयास मानवते.

चंद्रपुरात मोटार जटपुरा वेशीतून आत शिरली तेव्हा थोरल्याने विचारले, "हा किल्ला शिवाजी महाराजांचा का?" मराठी मुलास दगडी तट दिसला की हा प्रश्न सुचायचाच. परंतु हा परकोट गोंड राजांचा. त्याला जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा अशा चार वेशी आहेत, आणि आपल्या पतीच्या, बीरशहाच्या स्मरणार्थ राणी हिराईने बांधविलेली समाधी आजही अंचलेश्वर मंदिराच्या शेजारी उभी आहे. १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदारास २१ ऑक्टोबर १८५८ रोजी याच चांद्यास फाशी दिले गेले. मुले हे सारे ऐकत होती. आपल्या इतिहासाच्या पुस्तकाबाहेरही राजे होऊन गेले, ही गोष्ट त्यांना प्रथमच कळत होती.

सायंकाळी बल्लारपूरच्या गोंडकालीन किल्ल्यामागे वर्धा नदी पाहिली. येथून मुलांच्या खेळास आरंभ झाला. प्रत्येक नदीस हात लावायचा आणि तिचे पाणी पुढे कोठे जाते ते सांगायचे. वर्धा बैतुलच्या पठारावरून येते. वैनगंगा शिवनी जिल्ह्यातून. दुसऱ्या दिवशी मूल आणि सावली ही गावे मागे टाकून आम्ही वैनगंगेच्या पुलावर आलो. ही नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा. त्या पुलावर मामंजींनी मोटार हळू करावयास सांगितली आणि पाण्याकडे पाहून हात जोडले. सासूबाईंनी मोटारीत बसल्याबसल्याच नदीस हळदकुंकू वाहिले.

गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग अरण्याने व्यापलेला आहे. चामोर्शीजवळ मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते, आणि त्या वळणावरील काठावर जुन्या दगडी मंदिरांचा समूह आहे. विदर्भाचे खजुराहो असे त्यास म्हणतात. मुख्य मंदिराचे शिखर पूर्वी एकदा वीज पडून भंगले होते. पुढे पुरातत्त्व खात्याने त्याच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा मात्र शांतता होती. बालमंडळाने मूर्तींपेक्षा पायऱ्यांवरच्या वानरांवर अधिक प्रेम केले आणि एक दशमी गमावली.

त्यापुढे आष्टीच्या अलीकडेपलीकडे रस्ता नदीच्या सोबतीने दक्षिणेस उतरतो. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकमेकींस मिळतात आणि दोघीही आपापली नावे टाकून प्राणहिता हे तिसरेच नाव घेतात. मधलीने यावर बराच विचार करून विचारले, "लग्न झाल्यावर नाव बदलते तसे का?" सासूबाई म्हणाल्या, "येथे दोघीही नाव बदलतात, हे बरे." मोटारीत हशा पिकला.

आलापल्लीच्या परिसरात सागवानाचे उंच वृक्ष दिसू लागले. येथील सागाचे लाकूड प्रसिद्ध असून अयोध्येच्या राममंदिराकरिता २०२३ साली या भागातील सागवान बल्लारपूरहून समारंभपूर्वक रवाना झाले होते. सासूबाईंनी ते ऐकून त्या झाडांकडे पाहिले, आणि जंगलाविषयीचा त्यांचा अबोला तेथे सुटला. त्या रात्री अहेरीस, मामंजींच्या जुन्या गावी, मुक्काम झाला. त्यांचे जुने घर आता राहिलेले नाही. त्या जागी दुकानांची रांग झाली आहे. मामंजी त्या रांगेपुढे थोडा वेळ उभे राहिले. तेव्हा थोरल्याने तो प्रश्न विचारला, जो विचारावयाचे धैर्य आम्हां मोठ्यांना कधी झाले नव्हते.

"आजोबा, तुम्हांला इथे शिक्षा म्हणून पाठवले होते का?"

मामंजी म्हणाले, "कागदावर तसे लिहिलेले नव्हते, बाळ. पण पाठवणाऱ्याच्या मनात तेच होते. मीही येताना तसेच समजून आलो. पहिल्याच पावसाळ्यात मला हिवतापाने गाठले. तुझी आजी तेव्हा नागपुरास होती, आणि नद्यांना पूर असल्याने निरोपही जाईना. शेजारच्या घरातील माणसे अकरा रात्री पाळीपाळीने माझ्या उशाशी बसली. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना जेमतेम. तीन वर्षे झाली तेव्हा बदलीचा हुकूम आला, आणि मी अर्ज करून आणखी एक वर्ष मागून घेतले."

हा अर्ज सासूबाईंनाही ठाऊक नव्हता. चाळीस वर्षांनी उघडकीस आलेल्या त्या एका वर्षाबद्दल मामंजींना त्या रात्री जे ऐकून घ्यावे लागले, ते येथे लिहिण्याचे कारण नाही. मात्र सकाळी त्या यजमानांना म्हणाल्या, "वाटेत ते शेजारी भेटतात का, ते पाहा." ते भेटले नाहीत. कुटुंब केव्हाच दुसरीकडे गेले होते.

अहेरी-आलापल्लीहून सिरोंचा सुमारे शंभर किलोमीटर. रेपनपल्ली मागे पडल्यावर जंगलात आमच्या मोटारीचे एक चाक पंक्चर झाले. यजमान राखीव चाक चढवू लागले तोवर मुले रस्त्याकडेच्या झोपडीपर्यंत पोचली होती. तेथे मधलीच्याच वयाची एक माडिया मुलगी, कडेवर वर्षभराचा भाऊ घेऊन उभी होती. आतून तिची आजी आली, मागोमाग मराठी जाणणारा एक तरुण. आजीने वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी आणले. आमच्या सामानात उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या, आणि तेच प्यावयाचे हा नियम सासूबाईंनीच घातलेला होता. तरीही त्यांनी ओंजळ पुढे केली आणि त्या प्यायल्या. मग एक गूळपोळी काढून त्या मुलीच्या हातावर ठेवली. ज्या पिढीत स्वयंपाकघराचा उंबरा कोणी ओलांडावा याचे नियम होते, त्या पिढीतील या बाई. त्यांनी त्याविषयी पुढे एक शब्दही काढला नाही. मीही विचारले नाही.

मुलांनी पाण्याला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते विचारले. "येर," ती मुलगी म्हणाली. शेंडेफळाने तो शब्द इतक्या वेळा उच्चारला, की तिच्या कडेवरचे बाळ हसू लागले. तो तरुण म्हणाला, "हे बाळ पावसाळ्यातले. नाल्याला पाणी होते. वहिनीला बाजेवर घालून आम्ही चौघांनी या रस्त्यापर्यंत आणले. रस्त्यावर गाडी मिळाली म्हणून दोघे वाचले." हे त्याने अगदी सहज सांगितले, जणू नेहमीचीच गोष्ट. आमची मोटार ज्या रस्त्यावर अर्धा तास खोळंबली म्हणून आम्ही कुरकुरत होतो, तोच रस्ता त्या घराच्या दृष्टीने एका बाळाचा जीव होता. दूर भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की गावेच्या गावे अशी अनेकदा तुटत आली आहेत. थोरल्याने हे ऐकल्यावर बराच वेळ काही विचारले नाही, आणि त्याच्या बाबतीत हे नवलच.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. ज्या जिल्ह्यास आपण मागासलेला म्हणतो, त्याच जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन शुश्रूषा करण्यास शिकविले. बाळाचे वजन करणे, त्यास ऊबेत ठेवणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची चिन्हे ओळखून औषध देणे, ही कामे त्या स्त्रिया करू लागल्या. तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले, असा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. २०११ साली केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांच्या मार्फत ही पद्धत देशभर नेण्याचे ठरविले. म्हणजे आज नागपूर-पुण्याजवळच्या खेड्यांत एखादी आशाताई बाळंतिणीच्या दारी वजनकाटा घेऊन उभी राहते, तिच्या कामाची मुळे गडचिरोलीच्या झोपड्यांत आहेत. भामरागडजवळ हेमलकशास १९७३ पासून चाललेला लोक बिरादरी प्रकल्प, आणि त्यासाठी डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ साली मिळालेला मॅगसेसे पुरस्कार, हे तर सर्वश्रुतच आहे. बदलीच्या भीतीने थरथरणाऱ्या आपल्या घरांतून अशीही माणसे तेथे आपण होऊन गेली, आणि तेथल्या माणसांनी त्यांना कामास लायक केले. या दोन्ही गोष्टी मुलांना सांगितल्या पाहिजेत. पहिलीच सांगून थांबणे बरे नव्हे.

सिरोंचा येईपर्यंत दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरे दिसू लागली. चहाच्या दुकानात मुलांनी आपला प्रश्न पुन्हा विचारला, आणि उत्तर आले, "नीळ्ळू." पाणी, येर, नीळ्ळू. दोन दिवसांत एकाच नदीच्या काठी तीन शब्द झाले. गोंडी आणि माडिया या तेलुगूच्याच द्राविडी कुळातील भाषा. गोंडीतील 'येर' म्हणजे पाणी आणि तेलुगूतील 'एरु' म्हणजे नदी, हे शब्द एकमेकांचे नातलग आहेत. आपली भाषा तेवढी शुद्ध आणि बाकीच्या बोली, असे समजणाऱ्या मुलास यापेक्षा चांगला धडा कोणत्या वर्गात मिळेल?

सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीस मिळते. पलीकडे तेलंगणातील काळेश्वर. तेथील मंदिरात एकाच शाळुंकेवर दोन शिवलिंगे आहेत. गुरू मीन राशीत येतो तेव्हा प्राणहितेचे पुष्कर भरते; मागील पुष्कर २०२२ च्या एप्रिलात झाले. सासूबाईंनी पूर्वी नाशिकास गोदास्नान केले होते. तेथे एका उडीत ओलांडता येईलशी दिसणारी ती गोदावरी येथे समोर पसरलेली पाहून त्या काठावर नुसत्या बसून राहिल्या. मधलीस मात्र संगमाचा हिशेब पटेना. प्राणहिता गोदावरीपेक्षाही अधिक पाणी आणते, मग पुढे नाव गोदावरीचे का? मामंजी म्हणाले, "मोठ्या घरात असेच होते." यावर सासूबाईंनी त्यांच्याकडे जे पाहिले, त्यात कालचा अर्ज अजून शिल्लक होता.

समुद्राचा विषय येथे पुन्हा निघाला. एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे विलायतेस कापूस मिळेना तेव्हा, वऱ्हाडचा कापूस गोदावरीतून नावांनी पूर्व किनाऱ्यावर नेण्याची एक मोठी योजना इंग्रजांनी हाती घेतली होती. धवळेश्वर येथे बंधारा बांधणारे सर आर्थर कॉटन हे तिचे पुरस्कर्ते. सिरोंचा हे त्या काळी अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. नदीतील खडकांचे अडथळे, हिवताप आणि दरम्यान झालेली आगगाडी यांमुळे १८७१ साली ते काम सोडून देण्यात आले. नदीस हवे तसे वळविण्याचे प्रयत्न नंतरही थांबलेले नाहीत. संगमाच्या खाली मेडीगड्ड्याचा बराज २०१९ साली पूर्ण झाला आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे काही खांब खचले. त्याच्या फुगवट्याच्या पाण्याने आपली शेते बुडतात, ही सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांची तक्रार आहे.

मुलांना सर्वांत अधिक आवडला तो प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातील बारापासोरस. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या या अजस्र शाकाहारी प्राण्याची हाडे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास या खोऱ्यातून काढण्यात आली, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात टागोरांचे नाव गुंफले आहे. सिरोंच्याजवळ वडधम येथे अशा जीवाश्मांचे उद्यान आहे. शेंडेफळाने दगड झालेल्या लाकडावर हात फिरवून विचारले, "हे लाकूड म्हाताऱ्या आजोबांपेक्षा जुने का?" मामंजींनी उदारपणे मान्य केले.

परत आल्यावर शेजारीपाजारी विचारतात, मुलांना समुद्राऐवजी जंगल दाखवून काय मिळविले? मिळकतीची यादी फार मोठी नाही. पाण्याला तीन शब्द, नद्यांचा एक नकाशा आणि एका बाळाची गोष्ट. परंतु आमच्या घरात एक फरक निश्चित पडला. परवा कोणी आप्त त्यांच्या चिरंजिवांची गडचिरोलीला बदली झाल्याचे खिन्नपणे सांगत होते. थोरला मध्येच म्हणाला, "काका, तिकडे जाताना मच्छरदाणी न्या, आणि पाण्याला येर म्हणतात." आप्त गोंधळले. त्यांना त्याचा अर्थ मामंजींनी सांगितला, आणि त्यानंतर दोघे तासभर अहेरीविषयी बोलत बसले. चिरंजिवांनी कोणत्या पुस्तकाने माडिया भाषेस आरंभ करावा, येथपर्यंत गोष्ट गेली.

ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी मार्गशीर्ष ते माघ या महिन्यांत हा प्रवास अवश्य करावा. चैत्र-वैशाखातील चांद्याचा उन्हाळा मुलांना सोसवत नाही आणि पावसाळ्यात नद्या वाट अडवितात. चार दिवस पुरतात; पाच असल्यास उत्तम. शक्य असल्यास घरातील एखादे वडील माणूस बरोबर न्यावे. त्यांच्या आठवणी रस्त्यावरच निघतात, घरात निघत नाहीत. आणि समुद्राचे म्हणाल, तर पुढल्या हिवाळ्यात सिरोंच्यापासून पुढे निघून, राजमहेंद्रीवरून गोदावरी समुद्रास मिळते तेथवर जावयाचे, असे बालमंडळाने एकमताने ठरविले आहे. सासूबाईंनी गूळपोळ्यांचा हिशेब आतापासूनच मांडला आहे. त्यात या खेपेस त्या झोपडीकरिता वेगळा डबा धरलेला आहे.